सासऱ्यांच्या दोन पेट्या रेकॉर्डी आणि पंधरा हजारांची ऑफर

नमस्कार ताई. प्रश्न वाचला, पेटीचे दोन फोटो पण झूम करून बघितले. नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी मांडून ठेवतो. अंबाजोगाईच्या जुन्या घरात सासऱ्यांच्या दोन लोखंडी पेट्या निघाल्या, त्यात दीड-दोनशे एलपी (मोठ्या, प्लास्टिकच्या रेकॉर्डी), थोड्या लहान रेकॉर्डी, तळाशी जड काळ्या सेव्हन्टी-एट आणि वेगळ्या खोक्यात शंभरेक सीडी. बाहेरगावचा एक घेणारा येऊन अर्ध्या तासात चाळून गेला, सगळ्याचे मिळून पंधरा हजार देतो म्हणला, सीडी त्यातच टाका म्हणला, आणि रविवारी परत येतोय. तुम्ही विचारायलात की हा भाव बरोबर आहे का, आणि एवढ्या जुन्या वस्तूला जास्त यायला नको का.

मी संभाजीनगरला असतो, रेकॉर्डी घेणं-विकणं हा बऱ्याच वर्षांचा जोडधंदा आहे, माल बहुतेक मराठवाड्यातल्या घरांतूनच येतो. म्हणजे मी पण त्या घेणाऱ्याच्याच पंगतीतला, हे ध्यानात ठेवून माझं ऐका.

पंधरा हजार बरोबर का चूक हे फोटोवरून कुणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर तर विश्वासच ठेवू नका. पण तुमचा खरा प्रश्न भावाचा नाहीच. तुमच्या पेटीत नेमकं काय आहे ते त्याला माहितीय आणि तुम्हाला नाही, अडचण ती आहे. दोनशे रेकॉर्डींचा लॉट असला की आमचं गणित असं चालतं, की पाच-दहा रेकॉर्डींत पैसे निघतात, तीस-चाळीस हळूहळू खपतात आणि बाकीच्या वर्षानुवर्षं रॅकवर पडून राहतात. त्यामुळं घेणारा जो आकडा सांगतो तो त्या पाच-दहांवर नजर ठेवून सांगतो, दोनशेवर नाही. तुम्ही पंधरा हजाराला दोनशेनं भागून पंचाहत्तर रुपयाला एक म्हणता आणि हळहळता, तो तसं भागतच नाही.

हे ताडून बघायचा एक सोपा उपाय आहे. रविवारी तो आला की म्हणा, सगळ्या द्यायच्या ठरल्यात पण घरच्यांना आठवण म्हणून दहा ठेवायच्यात, आम्ही आमच्या आवडीच्या काढून घेतो, उरलेल्याचे किती? तो जर सहज चौदा म्हणला तर लॉट खरंच सपाट आहे, खास काही नाही. आणि त्यानं लगेच विचारलं की कोणत्या दहा, आधी दाखवा, किंवा चार-पाच कव्हरं स्वतःच बाजूला धरून बसला, तर पैसे कुठायत ते तुम्हाला काही न विचारता कळलं. यात फसवणूक काही नाही, दहा तुम्ही खरंच ठेवू शकता.

आता जुनी म्हणजे महाग का, त्याचं बघू. इथं बहुतेक घरांचा हिरमोड होतो. सगळ्यात जुन्या म्हणजे त्या तळाच्या जड सेव्हन्टी-एट, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या, लाखेपासून बनवलेल्या. आपल्याकडं १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहरजान यांचं रेकॉर्डिंग झालं तिथपासून साठचं दशक संपेपर्यंत या निघत राहिल्या, लाखोंनी खपल्या. आज त्या वाजवायला वेगळी सुई लागते, एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची आणि सेव्हन्टी-एटची ७५ च्या आसपास, म्हणजे एलपीच्या सुईनं लावली तर ती खोबणीच्या तळाशी खरखरत जाते. असं मशीन किती जणांकडं आहे? म्हणून नेहमीच्या हिंदी सिनेमाची सेव्हन्टी-एट पन्नास-शंभर रुपयांच्या वर सहसा जात नाही, वय सत्तर वर्षं असलं तरी.

पण त्यातही बघावं लागतंय. बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या चांगल्या स्थितीतल्या तबकड्यांना गिऱ्हाईक आहे, जुन्या भावगीतांना आहे. सिनेमाच्यात पण एक गंमत असती, एलपी आली तेव्हा सिनेमातली सगळी गाणी तिच्यावर बसायचीच असं नव्हतं, दोन-तीन गाणी फक्त सेव्हन्टी-एटवर राहून गेली, ती शोधणारे लोक एकेका तबकडीसाठी महिनोन्महिने थांबतात. आणि टोकाचं उदाहरण म्हणजे बीटल्सचं. जगात बहुतेक ठिकाणी सेव्हन्टी-एट थांबल्या होत्या तेव्हा भारतात १९६३ ते ६५ दरम्यान पार्लोफोन लेबलवर बीटल्सची गाणी लाखेच्या तबकडीवर निघाली, त्या आज परदेशात मोठ्या रकमेला जातात. अंबाजोगाईत निघायची शक्यता कमी, मोमिनाबादची (अंबाजोगाईचं जुनं नाव) लष्करी छावणी बीटल्सच्या आधीच उठली, पण तरी लेबल बघून घ्या, बघायला पैसे पडत नाहीत.

सिनेमाच्या एलपींचं गणित लोकांना उलटं वाटतं. घरोघरी काय निघतं तर 'बॉबी', 'पाकिजा', 'शोले', 'कुर्बानी'. कारण उघड आहे, ह्या तुफान खपल्या, 'शोले'च्या तर संवादांची पण रेकॉर्ड पॉलिडोरनं काढली आणि लग्नाच्या मांडवात गाण्यांऐवजी लोक गब्बर ऐकायचे. जे घरोघरी आहे त्याला भाव कशाला येईल, चांगल्या स्थितीत असली तर चारशे-आठशे, खराब असली तर शंभराला पण कुणी विचारत नाही. 'पाकिजा'चंच बघा. मूळ १९७२ ची एलपी ढिगानं मिळते, पण गुलाम मोहम्मद यांची सिनेमात न घेतलेली गाणी १९७७ मध्ये 'पाकिजा रंग बरंग' म्हणून वेगळी निघाली, ती कमी दिसते. कव्हरवर तेच नाव आणि तोच चेहरा बघून घरातले लोक दोन्ही एकच समजून डबल आहे म्हणून एक वाटून टाकतात.

याच्या उलट १९८८ ते १९९३-९४ च्या एलपी. तोपर्यंत कॅसेटनं मार्केट खाल्लं होतं, पंचवीस-तीस रुपयात कॅसेट मिळत असताना एलपी कोण घेणार, त्यामुळं ह्या काळातल्या सुपरहिट सिनेमांच्या पण रेकॉर्डी थोड्याच निघाल्या. 'आशिकी' किंवा 'साजन'ची कॅसेट भंगारात पण कुणी घेत नाही आणि त्याच गाण्यांची एलपी हजारांत जाते. तुमच्या फोटोत डावीकडच्या गठ्ठ्यात टी-सिरीजचा लोगो असलेल्या दोन कडा मला दिसल्यासारख्या वाटल्या. त्या पहिल्यांदा काढून बघा.

तिसरा प्रकार असा की ज्यांना त्या काळी कुणी हात लावला नाही. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर राग वाजवून 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' केली, त्याच वर्षी रूपा यांची 'डिस्को जॅझ' आली, दोन्ही पडल्या. पुढं किती तरी वर्षांनी परदेशातल्या लोकांनी त्या शोधल्या, पहिली २०१० ला आणि दुसरी २०१९ ला नव्यानं छापली गेली आणि मूळ प्रतींचे भाव कुठल्या कुठं गेले. म्हणून पेटीत नाव न ऐकलेली, विचित्र कव्हरची, इन्स्ट्रुमेंटल, डिस्को, कुठल्या तरी कंपनीच्या जाहिरातीची अशी रेकॉर्ड निघाली तर ती टुकार म्हणून खाली टाकू नका, वर ठेवा. घेणारा पहिल्यांदा तीच उचलतो.

आपल्या भागाचं म्हणून वेगळं सांगतो, कारण मुंबई-पुण्याचे लोक हे सांगणार नाहीत. निजामाच्या राज्यातला भाग असल्यामुळं आपल्या जुन्या घरांत कव्वाली आणि उर्दू गझल भरपूर निघते, घर कुणाचंही असो. शंकर-शंभू, इस्माईल आझाद, युसुफ आझाद, अझीझ नाझाँ. पुण्याचा माणूस त्या बाजूला सारतो, पण हैदराबादचं गिऱ्हाईक त्यासाठी वाट बघत असतं, आणि इथं सिटी चौक-शहागंज भागात पण जुने शौकीन आहेत. दुसरं म्हणजे भीमगीतं आणि लोकगीतांच्या लहान रेकॉर्डी, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप वगैरे. ह्या लोकांनी जपून कपाटात ठेवायला घेतल्या नव्हत्या, वस्तीत, जयंतीला, भोंग्यावर वाजवायला घेतल्या होत्या आणि वाजवून वाजवून त्यांचा भुगा केला. त्यामुळं चांगल्या स्थितीतली एखादी निघाली तर मी स्वतः तिला सिनेमाच्या दहा एलपींपेक्षा वर धरतो. मराठी सिनेमात 'पिंजरा' खूप आहे. 'जैत रे जैत' आपल्याकडं लोक आवर्जून मागतात, पळसखेड्याच्या महानोरांची गाणी म्हणून असेल. गीतरामायणाचा संच पूर्ण असेल तर एकत्र ठेवा, सुटी एखादी एलपी काढून दिली तर उरलेल्याची किंमत पण जाते.

हे सगळं झालं 'काय आहे' त्याचं. पण खरा भाव ठरतो तो 'कशी आहे' यावर, आणि यात पाच-दहा पट फरक पडतो. बैलाचे दात बघितल्याशिवाय बाजारात कुणी सौदा करत नाही तसं इथं रेकॉर्ड कव्हरातून काढून उजेडात धरल्याशिवाय भाव बोलायचाच नाही. करायचं असं. दुपारी खिडकीपाशी बसा किंवा मोबाईलची बॅटरी लावा. रेकॉर्ड कडेला आणि मधल्या कागदाला धरा, खोबणीवर बोट नको, आणि उजेडात तिरकी करून हळू फिरवा. चांगली रेकॉर्ड काळीभोर आणि काचेसारखी चमकते. जी जास्त झिजलीय ती राखाडी दिसते, त्यावर ओरखडा एकही नसला तरी. ही राखाडी झाक म्हणजे जड सुईनं खोबणीच्या भिंती घासून काढल्यात, ती धुवून जात नाही. ओरखडा दिसला तर नखाचं टोक त्यावरून अलगद आडवं न्या, नखाला काहीच लागलं नाही तर तो बहुतेक नुसता दिसायला असतो, नख अडकलं तर तिथं टक-टक वाजणार किंवा सुई उडी मारणार.

मग मधलं भोक बघा. भोकाभोवती लेबलवर केसासारख्या बारीक चकचकीत रेघांचं जाळं असतं, रेकॉर्ड लावताना दांडीचं टोक चाचपडत फिरतं त्याच्या त्या खुणा. जाळं दाट म्हणजे रेकॉर्ड फार वेळा लावलेली. आणि लेबलवर कुठं रबरी शिक्का आहे का बघा, अमुक लाऊडस्पीकर सर्व्हिस, तमुक मंडप डेकोरेटर्स. असा शिक्का दिसला की मी कव्हर कितीही कोरं असलं तरी भाव निम्म्यावर आणतो, कारण ती उन्हात ट्रॅक्टरवर बसून दहा गावच्या लग्नांना जाऊन आलेली असती. (शिक्के मात्र मला फार आवडतात, पण आवडण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.)

आपल्या हवामानाचा पण हिशेब आहे. कोकणात, मुंबईत रेकॉर्डींना बुरशी येते, पांढरे ठिपके पडतात, कव्हरं फुगतात. आपल्याकडं कोरडं असल्यामुळं तो त्रास कमी, पण मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस चढतं आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याच्या किती तरी वर. तिथं आडव्या रचलेल्या एलपी बशीसारख्या वाकतात. माझा अनुभव असा की माळवदाच्या घरातल्या रेकॉर्डी सरळ निघतात, कारण मातीचं छत थंड राहतं, पण वरून सतत बारीक माती झडत असल्यामुळं त्या मातीनं भरलेल्या असतात, आणि पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या घरातल्या दिसायला स्वच्छ पण वाकलेल्या. माती धुता येते. वाक घरगुती उपायानं धड निघत नाही, इस्त्री फिरवणं, उन्हात काचेखाली ठेवणं हे यूट्यूबवर बघून कुणी केलं तर रेकॉर्ड बाद समजा. तुमच्या पेट्या खालच्या खोलीत होत्या असं लिहिलंय, ते एक बरंय. मात्र फोटोत रेकॉर्डी एकावर एक आडव्या दिसतात, आजच उभ्या करून ठेवा, पुस्तकासारख्या, फार सैल नाही आणि फार कोंबून पण नाही.

धुण्याबद्दल विचारलंय. रविवारच्या आधी काहीच धुवू नका, चुकीचं धुणं न धुण्यापेक्षा वाईट. कोरड्या फडक्यानं घासलं की तीच माती खोबणीत ओरखडे पाडते. खोबरेल तेल, कोलीन, डेटॉल असलं काही नको. नंतर धुवायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबर, खोबणीच्या दिशेनं गोल, लेबल कोरडं ठेवून, आणि शेवटी नुसत्या पाण्यानं परत. आणि एक गोष्ट अगदी ध्यानात ठेवा, सेव्हन्टी-एटला स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकून पण लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पॉलिशवाले तसंच पॉलिश करतात, तुमची रेकॉर्ड पण तशीच विरघळंल. एलपी प्लास्टिकची असती त्यामुळं तिला थोडं चालतं, हिला नाही.

इथवरचं थोडक्यात म्हणजे आधी वेगळ्या करा (सेव्हन्टी-एट, लहान, एलपी, सीडी), मग नव्वदीच्या आसपासच्या, विचित्र, कव्वाली-भीमगीतं आणि शास्त्रीय ह्या बाजूला काढा, मग फक्त त्याच उजेडात तपासा. दोनशे तपासत बसायची गरज नाही, एका संध्याकाळचं काम आहे.

भाव कुठं बघायचा? ओएलएक्सवर किंवा फेसबुकवर कुणी पाच हजार लावलेत म्हणजे ती पाच हजाराला गेली असं नाही, लावायला काय, मी पण लावतो. डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर जा, तिथं विकल्या गेलेल्या प्रतींचा इतिहास दिसतो, कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त. मधला बघा, आणि तो पण परदेशी गिऱ्हाइकाचा, चांगल्या स्थितीतल्या प्रतीचा भाव आहे हे धरून चाला. शोधताना सिनेमाचं नाव टाकून भागत नाही, लेबलवरचा नंबर टाका. कारण एकच एलपी पंधरा-वीस वर्षं परत परत छापली जायची. साठच्या दशकात ग्रामोफोन कंपनीच्याच सिनेमाच्या रेकॉर्डी एंजल, ओडियन, कोलंबिया, एचएमव्ही अशा वेगवेगळ्या लेबलांवर निघायच्या, पुढं त्याच एचएमव्हीच्या लेबलवर आल्या, कव्हर बहुतेक तेच राहिलं. शौकीन माणूस पहिल्या लेबलची प्रत मागतो. लेबलच्या कडेला, खोबणी संपते तिथं गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला नंबर असतो, तो पण टिपून ठेवा, मोबाईलची बॅटरी तिरकी धरली की वाचता येतो. आणि कव्हरातली रेकॉर्ड कव्हराचीच आहे ना ते बघा, पार्टी संपल्यावर कशातली कशात घातलेली असती हे प्रत्येक घरात होतं.

आता सीडी. त्यानं त्यातच टाका म्हणलं याचा अर्थ त्या फुकट आहेत असा नाही. साध्या सीडीला आज वीस-पन्नास रुपये पण कुणी देत नाही हे खरंय. सगळ्यात आधी पाठ बघा, निळसर-हिरवट दिसली की ती घरी किंवा दुकानात राईट केलेली, एमपीथ्रीच्या दीडशे गाण्यांवाल्या पण बाजूला, त्यांना किंमत नाही. उरलेल्या चंदेरी पाठीच्यांत, सुरुवातीच्या हिंदी सीडी परदेशात बनून यायच्या, डिस्कवर बारीक अक्षरात देशाचं नाव असतं. आतल्या कड्यापाशी आयएफपीआयचा (IFPI अशी इंग्रजी अक्षरं असलेला) कोड असेल तर ती १९९४ नंतरची प्रेसिंग, कारण तो कोडच तेव्हा सुरू झाला, आणि नसेल तर जुनी असण्याची शक्यता. ह्या जुन्यांना मागणी का, तर पुढं त्याच गाण्यांना आवाज फुगवून, खरखर काढायच्या नादात वरचे सूर कापून, आणि काहींना तर झंकार बीट्सचा ढोल लावून विकलं गेलं. मूळ गाणं जसंच्या तसं ऐकायचं तर जुनी सीडीच बरी पडते, म्हणून साउंडट्रॅक गोळा करणारे लोक ती घेतात, तीनशे-पाचशेपासून पुढं. सीडी उजेडाकडं धरून सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात का बघा. काही सीडी कडेपासून तांब्यासारख्या होत जातात, इंग्लंडातल्या एका कारखान्यात १९८८ ते ९३ दरम्यान बनलेल्यांना हा रोग आहे, त्या घेणाऱ्याला सांगून द्या, लपवू नका.

मग द्यायच्या का नाहीत? ते तुमच्या वेळेवर आहे. सुट्या विकल्या तर दुप्पट-तिप्पट येऊ शकतात, पण त्यासाठी फोटो काढा, लोकांचे मेसेज घ्या, घासाघीस ऐका, पॅकिंग करा, एखादी फुटली की पैसे परत द्या. पाठवताना एलपी कव्हराच्या बाहेर काढून वेगळी ठेवायची नाहीतर प्रवासात कव्हराची कड फाडते, आणि सेव्हन्टी-एट तर एसटीच्या पार्सलनं पाठवूच नका, तुकडे पोचतात. घेणारा जे तिसरा हिस्सा किंवा निम्मे देतो ते याच कटकटीचे कापून देतो, गाडीभाडं त्याचं, न खपलेल्या दीडशे त्याच्या घरी. त्याला चोर म्हणायचं कारण नाही. मी तुमच्या जागी असतो तर तपासून दहा-पंधरा वर काढल्या असत्या, त्या निवांत एकेक करून दिल्या असत्या, आणि बाकीच्या ह्याच माणसाला, सीडीतल्या चांगल्या वगळून, रोख घेऊन देऊन टाकल्या असत्या. उरलेल्याचे त्यानं सात-आठ हजार दिले तरी तुमचं नुकसान नाही. आणि गडबड त्याला आहे, तुम्हाला नाही. रविवार हुकला तर पुढचा आहे, रेकॉर्डी चाळीस वर्षं थांबल्यात.

वरच्या काढलेल्यांच्या लेबलांचे फोटो इथं टाका, कव्हरांचे नाही, लेबलांचे, दोन्ही बाजू. नंबर नीट वाचता आला पाहिजे. मी आणि इथले बाकीचे लोक सांगू.

आणि एक विचारायचं राहिलं, सासरे ह्या वाजवायचे कशावर? घरात प्लेयर असणार. एचएमव्हीची फिएस्टा किंवा फिलिप्सचा छोटा असेल तर त्याची सुई जड असती, मग ज्या राखाडी दिसतील त्यांचं कारण कळंल. नीट टर्नटेबल असेल तर रेकॉर्डी चांगल्या निघायची आशा जास्त, आणि तो बिघडलेला असला तरी भंगारात देऊ नका, दुरुस्त होतो, त्याचे वेगळे पैसे येतात. फक्त कुणी म्हणलं की आमच्याकडं पितळी कर्ण्याचा, कुत्र्याचं चित्र असलेला जुना ग्रामोफोन आहे, त्यावर लावून बघा, तर एलपी त्याच्या जवळपास पण नेऊ नका. आज बाजारात मिळतात ते बहुतेक जुने-नवे पार्ट जोडून शोभेसाठी बनवलेले असतात, आणि खरा असला तरी त्याच्या साउंडबॉक्सचं, म्हणजे सुई बसते त्या डबीचं, वजन शंभर ग्रॅमच्या वर, खाली पोलादी सुई. टर्नटेबलची सुई दोन ग्रॅमवर चालते. एकदा लावली की एलपी गेली.